वेलीच्या नक्षीचा टायर

मोटारसायकलचा मागचा टायर गुळगुळीत झाला, तेव्हा गोंदियाच्या दुकानात मी पकड सोडून नक्षी पाहिली. मधोमध वेल आणि दोन्ही बाजूंना पानं. असा टायर अख्ख्या गावात दुसरा नाही, हे मी आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरलो.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून गोड बंद केलं. बायकोसमोर मी मुकाट मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी रस्त्यावरच्या हॉटेलात जाऊन गरम जिलेबी खाल्ली. घरी आलो, तर शेतातून परतलेली बायको दारातच उभी.

"कुठं गेले होते जी?"

"सोसायटीत. खताचं विचाराले."

"मंग तुमची वेल जिलेबीवाल्याच्या दारातल्या चिखलात काऊन उगवून राहिली? उद्या डोळे गेले तं हे नक्षी कोण पाहीन?"

तेव्हापासून मी जाईन तिथे माझी वेल उमटते आणि घरी खबर पोचते. रोज सकाळी वाकून पाहतो, पानं जराशी तरी झिजली का. दुकानदार म्हणाला होता, "भाईसाब, बेफिकर रहो, जल्दी घिसेगा नहीं." तेव्हा मी खूश होऊन त्याला चहा पाजला होता.