सुजाताचा अर्धा व्हिडिओ

आमच्या घरात गंडेदोरे, अंगात येणं असल्या गोष्टींना कधीच थारा नव्हता. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, त्यामुळे काही विचित्र दिसलं की आधी बग शोधतो. इथेही शोधला. सापडला नाही, म्हणून लिहितोय.

सुजाता माझी धाकटी बहीण. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली, आणि वाजवायची काय, तर पियानो! शाळेतल्या बाईंनी शिकवला, पुढे ती दादरला एका क्लासमध्ये मुलांना शिकवायला लागली. बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही, पण ती वाजवायला बसली की टीव्ही बंद करायचे.

मागच्या वर्षी तिचा फुप्फुसाचा आजार बळावला. एका सकाळी म्हणाली, "दादा, क्लासवर चल. एक पीस रेकॉर्ड करायचाय." कुठलीतरी जुनी, लांबलचक युरोपियन रचना होती. मोबाइल मीच धरला. अर्ध्यावर तिला धाप लागली. हात मांडीवर घेऊन तिने मला थांबायची खूण केली. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

"उरलेलं बरी झाल्यावर करू," म्हणाली. तिच्याच हट्टाने तेवढा व्हिडिओ मी ऑनलाइन टाकला. पुढच्या महिन्यात ती गेली...

नंतर मी कमेंट्स वाचत बसायचो. आधी नेहमीच्याच — 'ब्यूटिफुल', हार्ट वगैरे. मग पोर्तुगालच्या एका बाईंनी लिहिलं, 'शेवटाकडे तिचा एक सूर चुकला, ती हसली, आणि तो पुन्हा घेतला. त्या हसण्याने मला रडू आलं.'

चुकली की सुजाता हसायचीच. पण व्हिडिओत ती चुकलीच नाहीये. शेवट तर तिने वाजवलाच नव्हता!

वाटलं, बाईंचा काहीतरी घोळ झालाय. मग कोल्हापूरच्या एका शिक्षकांनी तेच लिहिलं. मी उत्तर दिलं, 'सर, व्हिडिओ अर्धाच आहे.'

'नाही हो, पूर्ण ऐकला. शेवटचा सूर किती वेळ घुमत होता!'

फाइल तपासली, मित्राच्या लॅपटॉपवर लावून पाहिली. अर्धाच.

बाबांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि कमेंट्स ते वाचत नाहीत. एका रविवारी दुपारी म्हणाले, "पोरीचं लाव रे जरा." मी टॅबवर लावून शेजारी बसलो. तिने हात खाली घेतले, चित्र थांबलं. बाबा मात्र टॅबकडे बघतच राहिले. बराच वेळ. मग एकदम हसले... डोळ्यांतून पाणी.

"चुकली बघ. आणि हसली कशी!"

"बाबा, व्हिडिओ थांबलाय."

त्यांनी हातानेच मला गप्प केलं. आणखी थोडं ऐकलं, मग टॅब माझ्याकडे दिला.

"झालं. पुरं केलं पोरीनं."

बाबांनी तो व्हिडिओ पुन्हा कधी मागितला नाही. मी रोज लावतो. ती थांबते, तरी हेडफोन काढत नाही, बसून राहतो.

मला अजून काहीच ऐकू आलेलं नाही.