मुकट्यात गुंडाळलेली नळी

काशीत आजवर जेवढे हट्टी ब्राह्मण होऊन गेले, त्या सगळ्यांचा मिळून जेवढा हट्ट होईल तेवढा एकट्या माझ्या धाकट्या दिरांपाशी होता, आणि तो त्यांच्या पाठीच्या कण्यात नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकते. कारण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पंचगंगा घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून ते घसरले आणि कणा मोडला. कमरेखालचं सगळं गेलं. हट्टाला खरचटलंसुद्धा नाही. उचलायला नावेतून उडी टाकून धावलेल्या मल्लाहाला ते पडल्यापडल्या ओरडले, "पहले लोटा देखो, कोई जूते से छू न दे!" लग्न केलेलं नव्हतं. बालाजी घाटाजवळ आमच्याच घरात खालच्या खोलीत राहायचे आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं चालवायचे. नळाला चामड्याचा वायसर असतो म्हणून नळाचं पाणी नको. साबणात चरबी असते म्हणून साबण नको, हाताला गंगेची माती. घड्याळाला चामड्याचा पट्टा म्हणून घड्याळही नाही. वेळ मोजायची ती मंत्रांवर. "वहिनी, आज भात पुरुषसूक्ताच्या एकाच आवर्तनात उतरवलात, कच्चा राहिला," असं ते ताटावर बसून सांगत, आणि भात खरोखर कच्चा असे, म्हणून मला जास्तच राग येई.

दोन महिन्यांनी इस्पितळाने त्यांना घरी पाठवलं ते एक रबरी नळी आणि इंग्रजीतला एक कागद देऊन. आता लघवी आपोआप होणार नाही, दर चार तासांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, हे एका घाईतल्या माणसाने पाच मिनिटांत सांगितलं आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. उरलेलं आयुष्य ज्यावर चालायचं ते शिकवायला पाच मिनिटं! आमच्या ह्यांनी नळी पाहिली आणि "मला गरगरतंय" म्हणत उंबऱ्यावर बसून घेतलं. राहिले मी. मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, तेव्हा पाटीवर आकृती काढली, मूत्राशय कुठे, वाट कुठून, आणि पडद्याबाहेर उभी राहून म्हटलं, "भावजी, लाज गंगेत सोडा आणि हात साबणाने धुवा."

"लाज सोडली, वहिनी. साबणाचं बघू."

नळी मध्येच अडायची. आतला स्नायू आवळून धरायचा, भावजी जोर करायचे आणि रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, "पंडितजी, ज़बरदस्ती नहीं. रुकिए, लंबी साँस लीजिए, फिर." भावजींनी साधा श्वास कसला घ्यायचा, ते मंत्राची एक लांबलचक ओळ एका दमात म्हणू लागले आणि ओळ संपतासंपता नळी आत सरकू लागली. भिंतीपलीकडून मला कळायचं. ओळ मध्येच तुटली की समजावं, अडलंय. समाचाराला येणारे मात्र प्रत्येक जण "प्रारब्ध हो, प्रारब्ध" म्हणून माझा चहा पिऊन जायचे. एकदा मी विचारलंच, "असेल प्रारब्ध, पण पायरीवरचं शेवाळ कुणी खरवडायचं होतं?" त्या गृहस्थांनी चहा अर्धा टाकला.

मग ताप सुरू झाले. दोन महिन्यांत तीनदा, दात वाजतील अशी थंडी, लघवी गढूळ आणि खोलीभर वास. तिसऱ्या वेळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बहनजी, ऐसे ही चला तो गुर्दे जाएँगे. फिर हम कुछ नहीं कर पाएँगे." मूत्रपिंडांपर्यंत घाण पोचते कुठून, मला कळेना. रोज सकाळी मी नंतर विकत आणलेल्या दोन्ही नळ्या उकळून, कोरड्या करून स्टीलच्या डब्यात ठेवत होते. चादर बदलताना उशीखाली हात गेला तेव्हा कळलं. डबा जसाच्या तसा कोनाड्यात होता आणि उशीखाली, इस्पितळातून आणलेली, मी टाकून दिली समजत होते ती पहिली नळी जुन्या सोवळ्याच्या मुकट्यात गुंडाळलेली! शेजारी गंगाजलाचा तांब्या, नळी विसळायला.

"हे काय आहे?"

"तुमच्या डब्याला भांडी घासणाऱ्या महरीचा हात लागतो," भावजी तापातही शांतपणे म्हणाले. "रेशमाला विटाळ नाही, वहिनी. आणि गंगाजल कधी नासत नाही."

त्या मुकट्याने भावजींच्या मुंजीनंतर पाणी पाहिलं नव्हतं. त्यात ते जेवले होते, पिंड वळले होते, आणि आता तो त्यांची मूत्रपिंडं खायला निघाला होता. मी तो तिथल्या तिथे साबणाच्या बादलीत बुडवला. भावजींनी दोन दिवस माझ्या हातचं जेवण घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतला सूक्ष्मदर्शक घरी आणला, त्यांच्याच तांब्यातला थेंब काचेवर ठेवला आणि म्हटलं, "बघा, काय वळवळतंय ते." ते पुष्कळ वेळ बघत राहिले. मग भक्तिभावाने म्हणाले, "किती आहेत हो! आणि सगळ्यांना अखंड गंगास्नान." सूक्ष्मदर्शक शाळेचा नसता तर मी तो त्यांच्या डोक्यात घातला असता.

"भावजी," मी म्हटलं, "मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा आहेत. तुम्हाला मणिकर्णिकेवर पोचवायला मला सवड नाही. तुम्हाला नियमच हवेत ना? मग हा विधी घ्या. आधी हात, मग नळी, मग उकळणं, मग वाळवणं. यात एक पायरी चुकली तर सगळं पहिल्यापासून."

त्यांनी विचारलं, "यात अग्नी आहे?"

"आहे. स्टोव्ह."

"पात्र?"

"नवीन. त्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही."

"साबण?"

"खादीच्या दुकानातला, खोबरेल तेलाचा. मी कारागिराला विचारून आलेय."

"आधी सांगायचंत," भावजी म्हणाले. "मी तो नुसता उपचार समजत होतो."

त्या दिवसापासून ते कुठल्याही इस्पितळाच्या वर कडक झाले. ह्यांनी एकदा चहाचं भांडं समजून झाकण उचललं, तर नळ्या पुन्हा उकळायला लावल्या आणि भावाला झाकणाजवळ फिरकायची बंदी झाली. पाणी खळखळलं की मी हाक मारायची, मग ते खोलीतून पुरुषसूक्ताची दोन आवर्तनं म्हणायचे, सावकाश, आणि तेवढा वेळ मी स्टोव्हपाशी उभी. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं तर ऐकू जायचं, "वहिनी, घड्याळ पुढे आहे तुमचं." आणि ओठ हलल्याचा कसा कोण जाणे सुगावा लागायचा. "मनातसुद्धा म्हणू नका हं. बायकांना वेदांचा अधिकार नाही."

"मग उकळायचा अधिकार कुणी दिला?"

"तो मी दिला," भिंतीपलीकडून उत्तर यायचं.

अशी नऊ वर्षं गेली. एका सकाळी चंदन उगाळताना त्यांचं हृदय थांबलं. मूत्रपिंडं शेवटपर्यंत उत्तम होती. हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं, जणू मीच परीक्षेला बसले होते. ते पात्र मी मोडीत दिलं नाही, चांगलं जाड बुडाचं आहे, त्यात बटाटे उकडते. पाणी खळखळलं की पुरुषसूक्त सुरू होतं, मनात नव्हे, तोंडाने, मोठ्याने, दोन आवर्तनं. बटाटे बरोबर शिजतात. एखादा स्वर चुकतही असेल. मी थांबून कान देते. खालच्या खोलीतून कुणीही मला अडवत नाही, आणि याचाच मला अजून राग येतो.