भाजी कोण पुरवतो?

“भाजी कोण पुरवतो, ते आधी सांगा,” असं म्हणून ते चष्मा कपाळावर सारायचे. आपण शेजारच्या देशातल्या नव्या बंदराविषयी, संरक्षण कराराविषयी बोलत असावं आणि या गृहस्थांनी भाजीवर यावं!

ते कर्जतजवळच्या कडावचे. उभी हयात मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होते. निवृत्तीनंतर भातशेती आणि दोन म्हशी सांभाळून परदेशी बंदरांचा अभ्यास करायचे, कुणी न सांगता. मी कर्जतच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. परराष्ट्र धोरणावर माझी पीएचडी. साहजिकच मला त्यांची गंमत वाटे.

एकदा त्यांनी वही पुढे केली. एका लहानशा बंदरावरच्या ओळखीच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं, की हल्ली चिकट तांदूळ पोत्यांनी खपतोय.

“तिथली माणसं हा भात खात नाय, सर. म्हंजे दुसरं कुणीतरी राहायला आलंय. आणि ते जायला आलेलं नाय.”

काही महिन्यांनी त्या बंदरात परक्या देशाची माणसं मुक्कामाला आल्याची बातमी इंग्रजी पेपरात पहिल्या पानावर आली. मी त्यांचं अभिनंदन केलं आणि घरी येऊन माझा जाडजूड प्रबंध उघडला. त्यात कुणीही काहीही जेवत नव्हतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्या बंदरावर त्यांनी वहीत लिहिलेला लेख मीच टाइप केला, माझ्याच ईमेलवरून दिल्लीच्या एका अभ्याससंस्थेला पाठवला. उत्तर आलं: लेखकानं परिषदेत बोलायला यावं. असल्या पत्राची मी किती वर्षं वाट पाहत होतो, तुम्हाला काय सांगू! मी ते त्यांना दाखवलं नाही. ‘त्यांची तब्येत बरी नसते, त्यांच्या वतीनं मी वाचतो,’ असं कळवून मोकळा झालो. दुसऱ्याच दिवशी ते रस्त्यात भेटले. डोक्यावर पेंढ्याचा भारा, चाल ठणठणीत.

दिल्लीत लेख वाचला, टाळ्या घेतल्या. मग नौदलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यानं विचारलं, “त्या बंदरात गोडं पाणी कुठून येतं?” मला सांगता येईना.

परतल्यावर थेट कडाव गाठलं. ते म्हशींना वैरण घालत होते. मी सगळं कबूल केलं.

“मला सांगायला पायजे होतं, सर,” एवढंच म्हणाले. थोडा वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग एकदम वळले. “पाण्याचं कुणी विचारलं? हुशार माणूस हाय! डोंगरापल्याडून टँकर येतात. तुमी लिहून घ्या.”

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्यासाठी मी चोरी केली, ते या माणसाला नकोच होतं. त्या दिवशी वाटला तेवढा हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नाही.

मी त्या अधिकाऱ्याला त्यांचा नंबर दिला. दर रविवारी दोघं तासतासभर बोलायचे. “साहेबांनी आज नकाशा काढायला लावला,” असं ते मला कौतुकानं सांगायचे. मी हसून ऐकायचो आणि आतून जळायचो.

गेल्या वर्षी भाताची झोडणी चालू असताना त्यांच्या छातीत कळ आली. कर्जतला नेईपर्यंत ते गेले.

अधिकाऱ्याला मीच कळवलं. ते म्हणाले, “आता हे सगळं विचारायचं कुणाला?”

‘मला’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला.

“आमच्याकडे आता तसं कुणी नाही,” मी म्हणालो.