टॉवरचं पाणी जातं कुठं?

कंपनीला पाणी, हवा, वीज पुरवणाऱ्या आमच्या युटिलिटी विभागाकडे एरवी कुणी फिरकत नाही. पंखा फिरतोय, पाणी पडतंय, तोवर आम्ही जिवंत आहोत की नाही हेही कुणी विचारत नाही. काही बिघडलं की मात्र अख्खी कंपनी आमच्या दारात! त्यामुळे आमच्याकडे किस्से साचतात ते सगळे बिघाडाचेच. आज सांगताना हसू येतं, पण त्या मे महिन्यात येत नव्हतं.

चाकणला आमचा कूलिंग टॉवर आहे. मशीनमधून तापून आलेलं पाणी वर चढवायचं आणि जाळ्यांवरून खाली पाडायचं. पडताना थोडं पाणी वाफ होऊन उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून उरलेलं थंड होतं. उडालेल्याची भरपाई टँकरनं करायची. एवढं साधं आहे!

*

नवे प्लांट हेड देसाई साहेब आले आणि पहिल्याच राउंडला थांबले.

"रोज टँकर ओतताय. पाणी जातं कुठं?"

"हवेत, सर."

"हवेत?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच वाटलं, मी विकते की काय!

त्यात कुणीतरी साहेबांचे कान भरले. आमचे ऑपरेटर ज्ञानोबाभाऊ इथल्याच गावचे. त्यांचं वावर कंपनीच्या भिंतीला लागून, आणि भर उन्हाळ्यात त्यात मेथी हिरवीगार! झालं. भाऊ कॉन्ट्रॅक्टवर, आणि कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपणार. चोरीचा ठपका बसला की घरी.

"ओ ताई, आमच्या हिरीचं पाणी हाय ते," भाऊ मला रोज सांगायचे. मी विचारलेलंही नसायचं.

*

मग साहेबांनी कुठंतरी वाचलं. "पाणी उंचावरून पडतं, त्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणून वाफ होते! पडूच देऊ नका."

मी म्हटलं, "सर, उष्णता होते हे खरं. पण दोन मजल्यांवरून पडून किती होणार? थर्मामीटरला पत्ताही लागत नाही. खरी उष्णता मशीनची आहे."

ऐकतंय कोण? टॉवरमध्ये पत्रे लावून घसरगुंडी केली. पाणी अलगद उतरू लागलं, वाफ घटली, साहेब खूश. जरा वेळानं पाणी तापलं, कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला, उत्पादनाची लाइनही बंद!

पत्रे काढता काढता भाऊ म्हणाले, "पानी वाचलं बगा, ताई. कंपनी तेवडी वाचवायची ऱ्हायली."

*

कायझेन स्पर्धेत, म्हणजे सुधारणा सुचवायच्या स्पर्धेत, क्वालिटीच्या सचिननं आयडिया मांडली. पडत्या पाण्याखाली चक्र बसवायचं आणि वीज काढायची.

"फुकट पडतंय, राव!"

"वर कोण चढवतं?"

"पंप."

"आणि पंप कशावर चालतो?"

"मग ती वीज पंपालाच देऊ!"

टाळ्या पडल्या. बक्षीसही त्यालाच! मला मात्र हसू येईना, कारण बाजूला साहेब एचआरशी भाऊंबद्दलच बोलत होते.

*

छुपा पाइप शोधायला सिक्युरिटीनं भिंतीलगत खणलं. आणि पाइप सापडला! सगळे धावले. कुणीतरी जोरात कुदळ घातली आणि कारंजंच उडालं. ती कंपनीचीच आग विझवायची लाइन होती, राव! सगळं पाणी भिंतीखालून थेट भाऊंच्या मेथीत.

भाऊ दोन्ही हात वर करून गार्डला ओरडत होते, "लिवून ठेवा, ह्ये म्या न्हाई केलं!"

*

शेवटी चौकशीचा दिवस आला. एचआरचा एकच हेका: "हवेत गेलं म्हणता, तर पुरावा दाखवा." हवेत गेलेल्याचा पुरावा मी कुठून आणणार? भाऊंचा चेहरा बघवत नव्हता.

"मीच वर जाऊन बघतो," म्हणत साहेब एसी केबिनमधून तडक निघाले. टॉवरची शिडी चढले आणि माथ्यावरचा पंखा जिथून ओली हवा बाहेर फेकतो, तिथं तोंडाशी वाकले. वरून आरोळी आली, "अरे, मला काही दिसत नाही! कुणीतरी या!"

भाऊच चढले. साहेबांचा एकेक पाय स्वतःच्या हातानं पायरीवर ठेवत त्यांना खाली आणलं.

खाली आल्यावर पाहते तर साहेबांच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्याफटक, आणि त्यांवरून थेंब ओघळतायत. साहेबांनी खिशातून रुमाल काढला.

भाऊ जिवाच्या आकांतानं ओरडले, "साहेब, पुसू नगा! त्योच पुरावा हाय!"