टॅकेटसाहेबांना मिळालेलं ‘आमेन’

व्हर्ना स्टिल्टनर आमच्या दरीतली सगळ्यात तोंडाळ बाई, पण चर्चमध्ये अगदी गाय. वेस्ट व्हर्जिनियाच्या या कोळशाच्या मुलखात मी संसार केला तो तिच्या शेजारी. तिचा नवरा खाणीतल्या धुळीने गेला. आता मुलगा लेव्ही त्याच खाणीत उतरत होता आणि घरी येऊन काळं थुंकत होता.

म्हणून सरकारच्या कामगार खात्याने धूळ कमी करायचा नियम काढला, तेव्हा तिने मला मिठीच मारली. “माझं पोरगं वाचलं गं!”

पण खात्याने काढलेला नियम काही मुदतीत संसदेला रद्द करता येतो. आमचे खासदार टॅकेट त्याच कामाला लागले. त्याआधी चर्चच्या वार्षिक जेवणाला आले, घेवडा आणि मक्याचा पाव हादडला, तोंड पुसलं आणि पाद्र्याच्या सुरात बोलायला लागले. इथे तो सूर लागला आणि बोलणारा वाक्य टाकून थांबला, की माणसं ‘आमेन’ म्हणतात. डोकं नंतर चालवतात. धुळीचं तर त्यांनी नावही काढलं नाही.

“कायदे कुणी करायचे? तुम्ही निवडलेल्यांनी, की वॉशिंग्टनच्या कारकुनांनी?” साहेब थांबले. “त्यांच्या हातातली लेखणी काढून घेऊ?”

“आमेन!” सगळ्यांत वर आवाज व्हर्नाचा.

टॅकेटनी भर संसदेत सांगितलं, की माझ्या लोकांनी देवाच्या घरात याला होकार दिलाय. दोन्ही सभागृहांनी नियम रद्द केला, राष्ट्राध्यक्षांनी सही केली.

व्हर्नाने खात्याला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, “आता तसाच नियम पुन्हा काढायला आम्हाला बंदी आहे. संसदेने नवा कायदा करायला हवा.”

एका खाणकामगाराच्या मयताला साहेब आले होते. मयत ते चुकवत नाहीत. व्हर्नाने त्यांना गाठलं.

“साहेब, लेखणी घेतलीत ना? मग लिहा की!”

“ताई, विषय समितीपुढे आहे. प्रक्रिया असते.”

“आरवायला पुढे, आणि अंडं घालायची वेळ आली की समिती?”

साहेब हसले. “देव तुमचं भलं करो, ताई.”

देवाचं नाव मीही रोज घेते. कशाला हात न लावता सुटका करून घ्यायला ते वापरणारा माणूस मला दाराबाहेरच्या पायपुसण्यापेक्षा हलका वाटतो.

घरी व्हर्ना लेव्हीला म्हणाली, “सोड ती खाण.”

“आणि इथे दुसरं काय करू?” लेव्ही म्हणाला. “आमेन तर तूच म्हणालीस, आई. अख्ख्या हॉलमध्ये तुझाच आवाज होता.”

रविवारी ती प्रार्थना चालू असताना उभी राहिली. “मी माझं आमेन परत घेते.”

पाद्री गोंधळला. “व्हर्ना, ते परत घेता येत नाही.”

“का? नियम परत घेता आला ना त्यांना?”

कुणी मान वर केली नाही. ज्यांची पोरं खाणीत, त्यांनीही नाही. प्रार्थनेची पुस्तकं मात्र सगळ्यांनी भराभर उघडली. लेव्हीने तिला हाताला धरून बाहेर आणलं.

सोमवारी तो पहिल्या पाळीला खाणीत उतरला.