लपणात बसलेली तीन माणसं

शिकाऱ्यांच्या गप्पा ऐकून लोकांना वाटतं, जंगलात रोज काहीतरी घडतं. छे! जंगलात काही म्हणता काही घडत नाही. माणूस बसतो, पाय बधिर होतात, जीव कंटाळतो, आणि त्या कंटाळ्यात एकेक किस्सा जमत जातो. आमच्याजवळ पाखरं कमी अन् किस्सेच जास्त जमले.

मी अहेरीला लाकूडडेपोत क्लार्क होतो. चांदा जिल्हा तेव्हा एकच, आणि साहेबलोक यायचे नागपूरहून. आमचे मोठे बाबू बापूजी, त्यांच्याजवळ दुनळी बंदूक. दवाखान्यातला कंपाउंडर गोविंदा, त्याचा नेम चांगला. आणि मी? मी नुसता बसायचो! आठवडाभर लाकडांवर नंबर टाकायचे, आणि रविवारी उजाडायच्या आत दारात बापूजींची हाक: "उठा, हरियल उतरले असतीन!" मोठ्या बाबूला नाही कोण म्हणेल?

हरियल म्हणजे हिरवी कबुतरं. वड-उंबर पिकले की थव्यानं येतात आणि पानांत मिसळून जातात. त्यांना आपण दिसू नये म्हणून झाडाखाली डहाळ्यांचं झोपडं करायचं आणि आत दडायचं. तेच लपण. आत तीन माणसं, गुडघ्याला गुडघा लावून. हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचंही नाही.

* * *

नियम बापूजींचे, आणि पहिले मोडायचे तेच. बसल्या बसल्या त्यांना झोप लागायची आणि घोरणं सुरू! एकदा ते असे घोरत असताना उंबरावर थवा उतरला. पाखरं मजेत फळं खात होती, घोरण्याचं त्यांना काहीच नाही. गोविंदानं बंदूक हळूच उचलली. तेवढ्यात बापूजींना जाग आली, घोरणं थांबलं, आणि भुर्र! सगळा थवा उडाला.

बापूजी रागावले. "कोनं आवाज केला?"

गोविंदा थकल्या आवाजात म्हणाला, "बापूजी, तुमी आवाज बंद केला."

* * *

उन्हाळ्यात एकदा लपण मोठं छान जमलं होतं. ताजी हिरवी पानं, बाहेरून झुडूपच वाटावं! ते बकऱ्यांनाही तसंच वाटलं. कळप आला आणि चारी बाजूंनी चरायला लागला. हाकलावं तर आवाज होतो, वर पाखरं बसलेली. बापूजींनी डोळ्यांनीच दटावलं: चूप!

आम्ही चूप. छत गेलं, भिंती गेल्या. शेवटी उरल्या काड्या, आणि मधात बसलेले आम्ही तीन बाप्ये.

बकऱ्यांमागून त्यांचा मालक आला. उभा राहून त्यानं निवांत पाहून घेतलं. मग म्हणाला, "रामराम भाऊ. घर पडलं का तुमचं?"

* * *

नागपूरचे एक साहेब दौऱ्यावर आले. त्यांना हरियल मारायचे होते. आदल्याच दिवशी त्यांनी सगळ्या नाकेदारांना, म्हणजे जंगलच्या गार्डांना, ओळीत उभं करून लेक्चर दिलं होतं: "जंगलात धूर दिसला की धावत सुटायचं. विचारत बसायचं नाही!"

लपणात बसल्यावर साहेबांना थोड्याच वेळात बोअर झालं. त्यांनी सिगरेट पेटवली. मग दुसरी. बापूजी काय बोलणार? डहाळ्यांतून धूर निघायला लागला.

आणि आला नाकेदार! गावची माणसं घेऊन, घागरी-बादल्या घेऊन धावत आला. "इस्तो लागला! इस्तो!" आम्ही तोंड उघडायच्या आत लपणावर धो धो पाणी.

साहेब आतून निथळत बाहेर आले. ओली सिगरेट ओठालाच चिकटलेली. नाकेदारानं खाडकन सलाम ठोकला. "सरकार, विचारत बसलो नाई!"

* * *

अस्वलाचा किस्सा मी फारसा सांगत नाही. अस्वल खाली पडलेली उंबरं खात खात लपणाला येऊन टेकलं. डहाळ्यांच्या पलीकडे ते, अलीकडे माझा खांदा. त्याचा फुसफुसणारा श्वास मला ऐकू येत होता, माझा त्यालाही येत असेल. पोट भरलं तसं ते गेलं. आम्ही तरीही बसूनच होतो.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "बापूजी, बंदुकीत गोळी होती ना?"

"छर्रा होता, पाखराचा."

"मग मारला असता तर?"

बापूजींनी विचार केला. "त्याले खाज सुटली असती."

* * *

गोविंदाला आई-बाप नव्हते. तिशी उलटली, लग्नं जमता जमता मोडत होती. "आता नको बापूजी, थकलो मी," म्हणायचा. तरी बापूजींनी चामोर्शीकडचं एक स्थळ आणलं. मुलीचे वडील आणि आत्या रविवारी संध्याकाळी घर पाहायला येणार होते. "संध्याकाळले लई टाइम आहे," म्हणत बापूजींनी त्याही सकाळी आम्हाला सडकेवरच्या वडाखाली लपणात नेऊन बसवलं.

उन्हं वर आली तशी एक बैलगाडी येऊन तिथंच थांबली. एक वयस्क माणूस, एक बाई. बाईनं तीन दगडांची चूल मांडून भात शिजायला ठेवला.

"दादा, पोरगी परवापासून धड जेवली नाई," बाई म्हणाली.

"काऊन?"

"म्हणते, तो अहेरीचा कंपाउंडर पाखरं मारते. असल्याच्या घरी मी नाई जात."

गोविंदाचा चेहरा पांढरा पडला. नेमका तेव्हाच थवा उतरला, अगदी डोक्यावर! बापूजींना कान कमी, त्यांना काहीच कळलं नव्हतं. ते कोपरानं ढोसत राहिले: मार! मार! गोविंदानं मान हलवली आणि बंदूक मांडीवर आडवी ठेवली.

बाहेर ते जेवले, लवंडले. वरून तांबड्या मुंग्या गोविंदाच्या मानेवर उतरल्या. त्यानं हातही उचलला नाही. डोळ्यांत पाणी होतं. मुंग्यांचं की बोलण्याचं, मी विचारलं नाही.

संध्याकाळी तेल लावून, पांढरा शर्ट घालून गोविंदा पाहुण्यांपुढे बसला. मान टरारून सुजलेली.

वडिलांनी विचारलं, "मानेले काय झालं?"

"उष्णता!" बापूजी घाईनं म्हणाले.

गोविंदा म्हणाला, "मुंग्या चावल्या. वडाखाली, लपणात."

बाईची कपबशी वाजली. "कोनत्या वडाखाली?"

"तुमी भात रांधला त्या."

बापूजी छताकडे पाहत बसले.

"आमी येयाच्या आधीपासून होते?" वडिलांनी विचारलं.

"हो."

"बंदूक होती?"

"होती."

"वर हरियल होते. मीबी पाह्यले."

"हो."

वडिलांनी कप खाली ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं. बाई गोविंदाकडे पाहत होती. पदर सारखा करून ती म्हणाली,

"पयले त्याच्या मानेले हळद लावा कोनी!"