उच्चाराचं ट्रेनिंग

मास्तर लोकांकडे किस्से फार साचतात. सांगताना हसू येतं, आणि घरी गेल्यावर झोप लागत नाही!

निजामाच्या राज्यात आमची औरंगाबादची शाळा उर्दूत चालायची. इंग्रजी शिकवायला तिघं: करीमसाब, दत्तोपंत आणि मी. तिघांपैकी एकाशीही कुणी इंग्रज कधी बोललेला नव्हता. आम्ही शिकलो आमच्या मास्तरांकडून, ते त्यांच्या मास्तरांकडून. दत्तोपंत म्हणायचे, "आपण नकलेची नक्कल हाओत, दुसरं काय नाय!"

*

करीमसाब आमच्यात वडील. उच्चार सुधारायची त्यांना भारी हौस. दर रविवारी ते आम्हाला छावणीतल्या चर्चबाहेर उभं करायचे, गोऱ्या पाद्र्याचं बोलणं ऐकायला. ही बातमी पैठणला माझ्या सासरी पोचली. सासरे मिळेल त्या मोटारीनं हजर!

"जावईबापू, धर्म बदलायलात म्हणं?"

"नाही हो, उच्चार बदलतोय!"

त्यांचा विश्वास बसला नाही. दोन दिवस जेवले नाहीत.

*

पाद्र्याचं बोलणं आम्ही मन लावून उचललं. पण त्याचा सूरच मयताचा. थोड्याच दिवसांत अख्खा वर्ग गाईचा धडा असा वाचायला लागला, की गाय नुकतीच गेली असावी! करीमसाब मात्र खूश. "अब असल अंग्रेजी लगरी देखो!"

*

मोहतमीम, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले. करीमसाबनी हात जोडून उच्चाराचं ट्रेनिंग मागितलं.

साहेब म्हणाले, "ग्रामर सिखाइए. इम्तिहान में मुँह कौन देखता है?"

करीमसाब दरवर्षी मागत राहिले. दरवर्षी हेच उत्तर.

*

आणि एकदम हुकूम आला: ट्रेनिंगमध्ये पास होईल त्यालाच वरच्या वर्गांना इंग्रजी. दत्तोपंतांनी मुकाट गणित घेतलं. करीमसाब आणि मी हैदराबादेस जाऊन दाखिला, म्हणजे प्रवेश, घेतला. पण आदल्याच वर्षी करीमसाबचे सगळे दात काढले होते.

'थिंक'मधला 'थ' शिकवताना शिकवणारे म्हणाले, "जबान दाँतों के बीच रखिए, हवा छोड़िए."

"हुजूर, दातां गए, बाद में तुम्हारा हुकूम आया!"

सगळा वर्ग हसला. करीमसाबही हसले. निकालात मी पास, ते नापास. येताना गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. पास झाल्याची इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

*

वरचे वर्ग माझ्याकडे आले. करीमसाबना पहिलीचं अलिफ-बे दिलं. पण त्यांचा तास रिकामा असला की ते माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसायचे. मी शब्द म्हणायचो, पोरांबरोबर तेही म्हणायचे. मी नको म्हणालो, तर ऐकेनात.

एकदा नवे मोहतमीम न सांगता वर्गात आले. पोरं उभी राहिली. करीमसाबही राहिले.

साहेबांनी विचारलं, "ये बुजुर्ग कौन हैं?"

मी तोंड उघडायच्या आत करीमसाबनी शेरवानीची बटणं नीट केली.

"शागिर्द हूँ, हुजूर. दाखिला जरा देर से मिला."